पश्चिमेची भिंत

गोव्यात घर विकणाऱ्या जाहिरातींत दोन गोष्टी हमखास असतात, समुद्राचं दर्शन आणि सूर्यास्त. समुद्र पश्चिमेला असल्याने दोन्ही गोष्टी एकाच भिंतीतून मिळतात, आणि ती भिंत फरशीपासून छतापर्यंत काचेची केली की गिऱ्हाईक लवकर पटतं. दोना पावलापासून पर्वरीपर्यंत, आणि जिथून समुद्र दिसतही नाही अशा आतल्या गावांतसुद्धा, आता हीच भिंत उभी राहते आहे. माझं म्हणणं असं की गोव्याच्या हवेत ही सगळ्यांत चुकीची भिंत आहे. तिची किंमत ती विकणारा भरत नाही, राहणारा भरतो, शेजारी भरतो आणि शेवटी सगळं राज्य भरतं. म्हणून बांधकामाचा परवाना देताना सरकारने, नगरपालिकेने आणि पंचायतीने सूर्याचाही हिशेब मागायला हवा. कुणाला काच आवडते, कुणाला लाकूड, त्यावर वाद घालण्यात अर्थ नाही. ऊन मात्र मोजता येतं आणि आधी सांगताही येतं. पुढच्या वर्षी १५ मार्चला दुपारी साडेचार वाजता सूर्य आकाशात नेमका कुठे असेल हे आज कागदावर काढून दाखवता येतं. पाऊस, वारा, जमिनीचे भाव यांतल्या कशाबद्दलच इतक्या खात्रीने बोलता येत नाही. तरीही घराच्या आराखड्यात ज्याचा विचारच होत नाही ती गोष्ट म्हणजे सूर्य.

आधी गोव्याचा सूर्य कसा चालतो ते पाहू, कारण बरीचशी गफलत तिथेच होते.

पणजी साधारण साडेपंधरा अंश उत्तर अक्षांशावर आहे, म्हणजे कर्कवृत्ताच्या बरीच दक्षिणेला. त्यामुळे मेच्या पहिल्या आठवड्यात एक दिवस असा येतो की भर माध्यान्ही विजेच्या खांबाची सावली खांबाच्या पायाशीच जिरते. ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात तसाच दुसरा दिवस येतो, पण तेव्हा आभाळ भरलेलं असल्याने तो बहुधा कुणाच्या लक्षात येत नाही. या दोन दिवसांमधले तीन महिन्यांहून अधिक दिवस गोव्यात माध्यान्हीचा सूर्य उत्तरेला असतो. २१ जूनला तो उत्तरेकडे झुकून क्षितिजापासून ८२ अंश उंचीवर असतो. २१ डिसेंबरला तोच दक्षिणेकडे ५१ अंशांवर उतरतो. उगवण्या-मावळण्याच्या जागाही तशाच सरकतात. डिसेंबरात सूर्य पश्चिमेच्या जवळजवळ २४ अंश दक्षिणेला मावळतो आणि जूनमध्ये २४ अंश उत्तरेला. मिरामारच्या वाळूवर वर्षभर संध्याकाळी फिरायला जाणाऱ्या माणसाला हे कुणी सांगावं लागत नाही. थंडीत सूर्य दक्षिणेकडच्या काबोच्या बाजूला सरकून बुडतो, मेच्या अखेरीस उत्तरेकडच्या आग्वादच्या बाजूला.

माध्यान्ह म्हणजे घड्याळातले बारा नव्हेत, हेही लक्षात ठेवायला हवं. भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशावरून धरलेली आहे आणि आपण ७४ अंशांच्या आसपास. त्यामुळे आपल्याकडे सूर्य माथ्यावर येतो तो सरासरी साडेबारा उलटून गेल्यावर, फेब्रुवारीत तर पाऊण वाजल्यानंतर. घड्याळाच्या मानाने गोव्याची दुपार उशिरा सुरू होते आणि उशिरापर्यंत रेंगाळते. कामावरून माणूस घरी परततो तेव्हाही त्याच्या पश्चिमेच्या भिंतीवर ऊन असतंच.

दिल्लीत हे असं नसतं. दिल्ली २८ अंशांच्या वर आहे, तिथे माध्यान्हीचा सूर्य वर्षभर दक्षिणेलाच राहतो. युरोपात तर तो दक्षिणेला आणि खाली असतो. घराच्या रचनेबद्दलचे बरेचसे प्रचलित सल्ले त्या आकाशाखाली तयार झालेले आहेत. ‘उत्तरेची खिडकी निर्धास्त मोठी ठेवा’ हा त्यांतलाच एक. गोव्यात एप्रिलच्या अखेरपासून उत्तरेच्या खिडकीतही सकाळ-संध्याकाळ तिरपं ऊन शिरतं, आणि ते आपले सगळ्यांत उकाड्याचे दिवस असतात. वास्तूचे नियम सांगणाऱ्यांचंही तेच. त्यांच्या कोष्टकात दिशा आठ असतात, पण अक्षांश नसतो. श्रद्धेला माझा विरोध नाही. पण तांबडी सुर्लचं महादेवाचं देऊळ ज्यांनी पूर्वाभिमुख बांधलं, उगवतीचे किरण गाभाऱ्यापर्यंत यावेत अशी त्याची मांडणी केली, त्यांनी सूर्य डोळ्यांनी पाहिला होता.

आता छज्ज्याचा हिशेब पाहू. खिडकी चार फूट उंचीची धरू. ती उत्तरेला असेल तर जूनमधल्या माध्यान्हीच्या उन्हासाठी सात इंचांची पट्टीसुद्धा पुरते, तिरप्या उन्हासाठी बाजूला उभ्या पट्ट्या लावल्या की झालं. ती दक्षिणेला असेल तर पावणेदोन फुटांचा छज्जा फेब्रुवारीच्या अखेरपासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत माध्यान्हीचं ऊन अडवतो आणि डिसेंबरातलं कोवळं, हवंहवंसं ऊन आत येऊ देतो. ना बटण, ना मोटर. सिमेंटची एक साधी फळी बाराही महिने पंचांग पाळते. दक्षिण आणि उत्तर या म्हणूनच सोप्या दिशा आहेत.

पूर्वेचं ऊन पश्चिमेइतकंच खाली असतं, पण ते येतं तेव्हा रात्रभर गार झालेली हवा आणि भिंती त्याला सामावून घेतात. पश्चिमेचं ऊन येतं ते सगळं आधीच तापलेलं असताना. मार्चच्या मध्यावर दुपारी साडेचारला गोव्यात सूर्य साधारण ३० अंशांवर असतो. त्या चार फुटी खिडकीवर तेव्हा सावली पाडायची तर छज्जा सात फूट पुढे यायला हवा. पाऊण तासाने सूर्य २० अंशांवर उतरतो, तेव्हा अकरा फूट. सात फूट पुढे आलेलं छप्पर म्हणजे पडवीच झाली. जुन्या घरांचं उतरतं कौलारू छप्पर पडवीवरून इतकं खाली यायचं की आत जाताना उंच माणसाला वाकावं लागे, त्याचं कारण या गणितात आहे. पावसाची झड अडवायलाही तेच छप्पर लागायचं.

त्या खिडकीतून आत किती उष्णता येते? सहा फूट रुंद आणि पाच फूट उंच साधी काच, म्हणजे जेमतेम तीन चौरस मीटर. मार्चमधल्या स्वच्छ दुपारी पश्चिमेच्या अशा काचेतून दीड किलोवॅटच्या आसपास उष्णता खोलीत शिरते. एक टनाचा एसी साधारण साडेतीन किलोवॅट उष्णता बाहेर फेकतो. म्हणजे एका मध्यम खिडकीपायीच त्याची चाळीस टक्क्यांहून अधिक ताकद खर्ची पडते. आणि जाहिरातीतली काच तीन चौरस मीटरची नसते, पंधरा-वीसची असते. पडदा लावून हे सुटत नाही. पडद्याने डोळ्यांवरचं ऊन जातं, पण तोपर्यंत ते काच ओलांडून आलेलं असतं, पडदा तापतो आणि ती उष्णता खोलीतच राहते. ऊन अडवायचं तर काचेच्या बाहेर अडवायला हवं. या एका वाक्यावर निम्मं शास्त्र उभं आहे, आणि आपल्या बहुतेक नव्या इमारती त्याच्या उलट बांधलेल्या आहेत.

पण पश्चिमेबद्दल खरी अडचण वेगळी आहे, आणि ती टाळून हा विषय मांडला तर तो अर्धवट राहील. गोव्यात पश्चिमेकडून फक्त ऊन येत नाही. दुपारनंतर समुद्रावरून वारा सुटतो तो पश्चिमेकडून. आपल्या दमट हवेत अंगावरचा घाम वाळवणारा वारा हाच खरा गारवा. जूनमध्ये पाऊस येतो तोही नैऋत्येकडून, वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या घरात, आणि खिडक्यांच्या फटींतून आत येणारा. शिवाय समुद्र, नदी, सूर्यास्त हे सगळं दिसतं तेही तिथूनच. ज्याची आपल्याला सर्वांत जास्त गरज आहे आणि ज्याचा आपल्याला सर्वांत जास्त त्रास आहे, ते दोन्ही एकाच बाजूने येतं. भिंत बंद करावी तर वारा आणि दृश्य जातं. उघडी ठेवावी तर ऊन आणि पाऊस घरात. म्हणून गोव्याच्या घरात सर्वांत जास्त विचार कुठल्या भिंतीवर खर्च व्हायला हवा असेल तर तो पश्चिमेच्या. आणि नेमकी तीच भिंत आज सर्वांत कमी विचाराने, एक मोठी काच बसवून पुरी केली जाते. या चारांतल्या हव्या असलेल्या गोष्टींपैकी काच फक्त दृश्य आत घेते. पाऊस अडवते खरी, पण वाराही अडवते, आणि ऊन मात्र बिनदिक्कत आत सोडते.

जुन्या गोमंतकीय घराने या चारही गोष्टींशी कसं जमवून घेतलं होतं हे पाहण्यासारखं आहे. चिऱ्यांची जाड भिंत दुपारची उष्णता शोषून घेते आणि आत पोचवायला उशीर लावते. मंगळुरी कौलांच्या फटींतून तापलेली हवा वर निघून जाते. राजांगणात, म्हणजे घराच्या मधल्या उघड्या चौकात, वरून उजेड येतो, आणि चारही बाजूंच्या ओसऱ्यांपैकी एखादी तरी दिवसाच्या कुठल्याही वेळी सावलीत असते. माणसं सावलीबरोबर सरकत राहतात. सकाळी या बाजूला भाजी चिरायची, दुपारी त्या बाजूला आडवं व्हायचं. पुरुमेंताच्या, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीच्या, दिवसांत मिरच्या, कोकमाची सोलां, सुकी मासळी यांनाही उन्हाप्रमाणे जागा बदलून मिळायची. दारापुढचं छपराखालचं बाल्कांव आणि त्यातले सोपे, बसायचे कट्टे, म्हणजे रस्ता आणि घर यांच्यामधली सावली. खिडक्यांना शिंपल्यांचे पातळ तुकडे बसवलेले असत, त्यांतून ऊन न येता मऊ उजेड येई. ही शिंपली आता संरक्षित आहे, चिखलीच्या खाडीत ती अजून जगते आहे, आणि तिला तिथेच राहू द्यावं. पण उजेड गाळून घ्यायची जी गरज त्या खिडकीने ओळखली होती ती काही संपलेली नाही. पावसाळ्याआधी उघड्या भिंतींवर माडाच्या चुडतांचे झाप बांधले जात. ऋतूप्रमाणे घराची कातडी बदलायची ही रीत माझ्या पिढीने डोळ्यांनी पाहिली आहे.

तरी जुन्या घरांची आरती ओवाळणं मला मान्य नाही. आतल्या खोल्या काळोख्या असायच्या. स्वयंपाकघर धुराने भरलेलं असायचं आणि त्यात दिवस काढणाऱ्या बायकांच्या डोळ्यांचं काय होतं हे राजांगणाचे फोटो काढणाऱ्यांना ठाऊक नसतं. आणि मुख्य म्हणजे ती घरं भाटकारांची, जमीनदारांची. भाटकाराच्या जमिनीत घर करून राहणाऱ्या मुंडकाराच्या वाट्याला राजांगण नव्हतं. एक-दोन खोल्या, ठेंगणं छप्पर आणि कुणाच्या तरी माडाची सावली, तीही भाटकाराच्या मर्जीने. गोव्यात सावली मुळात जमीनजुमल्याबरोबर येणारी गोष्ट होती. आज भाटकार-मुंडकार हे नातं कायद्याने बदललं, पण सावलीची वाटणी तशीच राहिली आहे. पैसेवाल्याच्या बंगल्याला वास्तुविशारद असतो, झाडं असतात, खोल पडव्या असतात. साठ चौरस मीटरच्या फ्लॅटला मिळते ती पश्चिमेची उघडी भिंत आणि हप्त्यावर घेतलेला एसी. पत्र्याच्या खोल्यांत राहून या इमारती बांधणाऱ्या मजुरांची तर गोष्टच नको. म्हणूनच हा आवडीनिवडीचा किंवा वारसा जपण्याचा विषय राहत नाही. ज्याला स्वतःहून सावली विकत घेता येत नाही त्याच्यासाठी ती नियमाने यायला हवी.

फ्लॅटच्या नकाशात आणखी एक गोष्ट दिसते. हॉल आणि मोठी बेडरूम दर्शनी बाजूला बसवून झाली की स्वयंपाकघर उरलेल्या कोपऱ्यात जातं, आणि तो कोपरा पश्चिमेचा असला तरी कुणाच्या कपाळाला आठी पडत नाही. दुपारी तीन ते सहा घरात असतं कोण? शाळेतून आलेली मुलं, म्हातारी माणसं, आणि शेगडीपुढे उभी असलेली बाई. पर्वरीतल्या माझ्या परिचयाच्या एका घरात आजींची खोली अशी पश्चिमेला आहे. एसी त्यांना सोसत नाही, खिडकी उघडली तर ऊन थेट पलंगावर. मार्च ते मे त्या दुपारभर जिन्यात खुर्ची टाकून बसतात. त्या इमारतीला सगळे परवाने आहेत.

‘चौकाचा वाडा आता शक्य नाही, बहुमजली इमारतीत हे कसं जमणार?’ असं विचारलं जातं. याचं उत्तर एका गोमंतकीय मुळाच्या माणसाने चाळीस वर्षांपूर्वी बांधून दाखवलं आहे. चार्ल्स कोरिया यांची मुंबईतली कांचनजंगा ही ८० मीटरांहून उंच इमारत १९८३ साली पुरी झाली. मुंबईची अडचण आपलीच: वारा आणि समुद्र पश्चिमेला, ऊन आणि पाऊसही तिथूनच. कोरियांनी जुन्या बंगल्याचा व्हरांडा घेतला आणि उभ्या इमारतीत घातला. राहत्या खोल्या आत ओढल्या आणि कोपऱ्यांत दोन मजल्यांएवढ्या उंचीची गच्चीबाग ठेवली. ऊन आणि पाऊस त्या पोकळीत अडतात, वारा पुढे जातो, आणि समुद्रही दिसतो. चारही गोष्टींचा निकाल एका पोकळीने लावला. ती श्रीमंतांची इमारत आहे हे खरं. पण खोली भिंतीपासून आत ओढण्याचं तत्त्व श्रीमंतीवर अवलंबून नाही. पाच फुटांची गॅलरी आणि तिच्या बाहेरच्या कडेला सरकत्या झडपा एवढ्यानेही पश्चिमेचं बरंचसं ऊन थोपतं. पणजीत कांपालला त्यांचीच कला अकादमी आहे. रस्त्यापासून मांडवीपर्यंत पर्गोल्याच्या सावलीतून, भिंत न ओलांडता जाता यावं अशी ती रचना. तिच्या नाटकांइतकीच तिच्या सावलीत बसणाऱ्या माणसांनी ती वास्तू आपली मानली. आकार हवामानातून यावा हा त्यांचा आग्रह होता, आणि गोव्याला तो आग्रह पुन्हा आठवून द्यायची वेळ आली आहे.

दुसऱ्या टोकाला सूर्यामागे फिरणाऱ्या इमारती आहेत. इटलीत वेरोनाजवळ १९३० च्या दशकात अख्खं घर रुळांवर फिरवणारं ‘जिरासोले’ बांधलं गेलं. जर्मनीत फ्रायबुर्गला १९९४ सालचं ‘हेलिओट्रोप’ अजून सूर्याबरोबर वळतं. पॅरिसच्या अरब जग संस्थेच्या १९८७ सालच्या इमारतीला कॅमेऱ्याच्या झडपेसारखी उघडमीट करणारी यांत्रिक जाळी बसवली, अबू धाबीच्या अल बहर मनोऱ्यांवर २०१२ साली छत्र्यांसारखे मिटणारे पडदे आले. हे प्रयोग कौतुकाचे आहेत, पण पॅरिसची जाळी पुढे जागोजागी अडकून बसली हेही तितकंच खरं. आपल्याकडे खाऱ्या हवेत दाराची बिजागरी दोन पावसाळे टिकत नाही, तिथे हजार मोटरींचा भरवसा कोण देणार? हाताने ओढायची लाकडी झडप, दोरीने सोडायचा बांबूचा पडदा, उघडमीट होणाऱ्या पट्ट्यांची खिडकी याही सूर्याला प्रतिसाद देणाऱ्याच गोष्टी आहेत. फक्त त्या चालवायला घरात माणूस लागतो, आणि घरात माणूस असतोच.

छपराबद्दल थोडक्यात. आपल्या अक्षांशावर वर्षभरात सर्वांत जास्त ऊन कुठल्याही भिंतीपेक्षा छपरावर पडतं. सिमेंटची सपाट गच्ची आपल्या हवेत गळतेही आणि तापतेही. गोव्यातल्या लोकांनी त्यावर स्वतःच उपाय काढला: गच्चीवर लोखंडी सांगाडा उभारून पत्रा घालायचा. तो घातला गळतीसाठी, पण त्याखालून वारा खेळत असल्याने खालचा स्लॅबही गार राहतो. त्याच सांगाड्यावर दक्षिणेकडे पंधरा अंशांच्या आसपास उतार देऊन सौर पॅनेल बसवले तर सावली आणि वीज दोन्ही मिळतात. केंद्राच्या सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटसाठी ७८ हजार रुपयांपर्यंत अनुदान आहे. ते मिळावंच. पण सूर्यापासून वीज घेण्याबद्दल आपण जेवढं बोलतो, तेवढं भिंतीवर ऊन न पडू देण्याबद्दल बोलत नाही. जी वीज लागलीच नाही तिच्यासाठी पॅनेलही लागत नाही.

विजेचा मुद्दा गोव्यासाठी खास महत्त्वाचा आहे. आपल्याकडे स्वतःची मोठी वीजनिर्मिती नाही, आपली बहुतेक वीज राज्याबाहेरून येते. मोलेच्या अभयारण्यातून उच्चदाब वाहिनी नेण्याच्या योजनेविरुद्ध २०२० पासून गोव्यात तरुण मुलं रस्त्यावर उतरली, प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. मी त्या मुलांच्या बाजूचा आहे. आणि म्हणूनच वाटतं की मोलेचं जंगल वाचवायचं तर पर्वरीची, ताळगावची, कळंगुटची पश्चिमेची भिंत पाहायला हवी. एप्रिलच्या दुपारी चार वाजता हजारो काचांमागे हजारो एसी एकदम चालू होतात, आणि त्या एका वेळच्या मागणीसाठी तारा, खांब, उपकेंद्रं लागतात. प्रत्येक एसी खोलीतली उष्णता उचलून गल्लीत टाकतो. शेजारचं, खिडकी उघडून वाऱ्यावर राहणारं घर त्यामुळे आणखी तापतं, आणि पुढच्या उन्हाळ्यात तेही एसी घेतं.

नियम काहीच नाहीत असं नाही. केंद्राच्या ऊर्जा दक्षता ब्युरोने २०१८ साली घरांसाठी ‘इको निवास संहिता’ काढली. छप्पर सोडून इमारतीच्या बाह्य आवरणातून आत येणाऱ्या उष्णतेला तिने मर्यादा घातली, दर चौरस मीटरला १५ वॅट. त्या हिशेबात भिंतीच्या दिशेनुसार वेगवेगळे गुणक आहेत, आणि कर्कवृत्ताच्या दक्षिणेकडच्या गावांसाठी ते वेगळे धरलेले आहेत. म्हणजे गोव्याच्या सूर्याची दखल दिल्लीतल्या संहितेने घेतली आहे. पण गोव्यात एखाद्या प्रकल्पाची फाईल चर्चेला येते तेव्हा प्रश्न कशाचे असतात? चटईक्षेत्र किती, उंची किती, रस्ता किती मीटरचा, पार्किंग कुठे, सांडपाण्याची टाकी कुठे. हे सगळे प्रश्न रास्तच आहेत. खिडकीचं क्षेत्रफळही पाहतात. ती खिडकी कुठल्या दिशेला तोंड करून आहे, हा प्रश्न मात्र कुणी विचारत नाही.

माझी मागणी साधी आहे. प्रत्येक बहुघर प्रकल्पाच्या फाईलमध्ये सावलीचा एक नकाशा असावा. २१ डिसेंबर, २१ मार्च आणि १५ मे या तीन दिवशी दुपारी तीन, चार आणि पाच वाजता पश्चिमेच्या प्रत्येक काचेवर किती ऊन आणि किती सावली, एवढंच त्यात दाखवायचं. हे काढायला आज फुकट मिळणारी साधनं आहेत. आल्तिनोच्या वास्तुकला महाविद्यालयातला दुसऱ्या वर्षाचा विद्यार्थी एका दुपारी काढून देईल. मार्च आणि मेच्या चारच्या उन्हात निम्म्याहून अधिक काच उघडी पडत असेल तर नकाशा परत पाठवावा. बाहेरून सावली करा, काच कमी करा किंवा खोली आत घ्या, मार्ग वास्तुविशारदाने निवडावा. आणि या नियमाची सुरुवात सरकारने स्वतःपासून करावी: नव्या शाळा, आरोग्य केंद्रं, अंगणवाड्या आणि सरकारी कचेऱ्या यांतल्या एकाही इमारतीला पश्चिमेची उघडी काच नको.

खर्च वाढेल असं बिल्डर म्हणतील. इमारत कागदावर असताना तिच्या लांब बाजूंची तोंडं उत्तरेकडे आणि दक्षिणेकडे वळवण्याला एक रुपयाही लागत नाही. जिथे भूखंडच तसा आहे की वळवणं शक्य नाही, तिथे गॅलरी आणि झडपांचा खर्च येईल हे मान्य. पण आज तो खर्च टळत नाही, तो फ्लॅटधारकाच्या वीजबिलात पुढची तीस वर्षं हप्त्याने वसूल होतो. उष्णता परतवणारी महागडी काच हा उपाय काही जण सुचवतात. ती ऊन कमी करते हे खरं, पण वारा ती आत आणू शकत नाही, आणि गोव्याच्या दमट घरात कोंडलेली हवा म्हणजे जुलैत भिंतींवर बुरशी. काही जण म्हणतील, माझं घर, माझी काच, माझं बिल. इथे मला कोल्हापूरच्या अंबाबाईचा किरणोत्सव आठवतो. जानेवारीच्या अखेरीस आणि नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्याच्या आसपास मावळतीचे किरण देवीच्या चरणांपासून मुखापर्यंत चढतात. त्या वाटेत इमारती आल्या आणि किरण अडू लागले तेव्हा संबंध शहराने त्यावर बोलायला सुरुवात केली, अडथळ्यांची मोजणी झाली, ते हटवावेत अशी मागणी झाली. मावळतीचं ऊन कुठे पोचावं आणि कुठे नाही हा सार्वजनिक प्रश्न आहे हे आपल्या समाजाला परकं नाही. देवळापुरतं जे आपल्याला पटतं ते आजींच्या खोलीपर्यंत न्यायचं आहे.

एक अडचण मात्र खरी आहे आणि तिचं उत्तर आधीच देऊन ठेवायला हवं. गॅलरी दिली की लोक ती बंद करून खोली वाढवतात. काच लावतात, आणि पुन्हा तीच पश्चिमेची उघडी भिंत तयार होते, फक्त पाच फूट पुढे. जागेची चणचण असताना त्यांना दोष देणं सोपं आहे, पण त्याचा उपयोग नाही. म्हणून पश्चिमेची पडवी आणि गॅलरी चटईक्षेत्रात मुळीच धरू नये, म्हणजे ती बांधताना कुणी कंजूषपणा करणार नाही. तिला लाकडी किंवा ॲल्युमिनियमच्या झडपा, जाळी, वेली, बांबूचे पडदे यांची मोकळीक असावी, बंद काचेची नसावी. घराच्या विक्रीच्या करारात हे ठळक लिहिलेलं असावं, म्हणजे नंतर सोसायटीत भांडण नको. आणि इमारत पुरी झाल्यावर ऑक्युपन्सीच्या दाखल्यासाठी जी पाहणी होते तिची वेळ बदलावी. सकाळी अकरा वाजता पश्चिमेची प्रत्येक खोली गार आणि सुरेख वाटते. अधिकाऱ्यांनी दुपारी चारनंतर यावं, वरच्या मजल्यावरच्या पश्चिमेच्या खोलीत एसी बंद ठेवून अर्धा तास बसावं, आणि मग सही करावी.